फळांच्या धुरीचे पर्याय : ‘सुरक्षित’ कोणासाठी?

‘धुरी’ हा आपल्या घरातला शब्द आहे. बाळंतिणीची खोली, शेगडी आणि कडुनिंबाचा पाला त्याबरोबर आठवतो. कृषिविषयक लेखनाने त्यापासून ‘धुरीकरण’ घडविले आणि या सौम्य शब्दाआड इथिलीन डायब्रोमाइड व मिथिल ब्रोमाइड ही जहाल रसायने झाकली गेली. पहिले कर्करोगकारक ठरून १९८० च्या दशकात अमेरिकेत हद्दपार झाले. दुसरे ओझोनच्या थरास घातक म्हणून मॉन्ट्रियल करारान्वये नियंत्रणाखाली आले. क्वारंटाइनच्या वापरास मात्र सवलत राहिली.

पुढील पर्यायांचा इतिहास हापूसच्या निर्यातीशी निगडित आहे. जपानने १९८६ मध्ये बंद केलेले दार २००६ मध्ये उष्ण बाष्प प्रक्रियेच्या अटीवर उघडले. अमेरिकेस २००७ पासून लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात विकिरणित केलेला आंबा जाऊ लागला. युरोपीय संघाने २०१४ मध्ये फळमाशीमुळे बंदी घातल्यावर ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात फळ तासभर बुडविण्याची प्रक्रिया पुढे आली. (हापूसची चव आणि साल हे सहन करते काय, ही बागायतदारांची शंका अनाठायी म्हणता येणार नाही.)

या प्रक्रियांचे वर्णन ‘ग्राहकासाठी सुरक्षित’ असे सरसकट केले जाते. विषारी अवशेष राहत नाहीत, एवढ्यापुरते ते खरे आहे. परंतु त्यांचा मूळ हेतू खाणाऱ्याचे रक्षण हा नसून आयात करणाऱ्या देशाच्या बागांचे रक्षण हा आहे. विकिरणाचेच उदाहरण घ्यावे. ४०० ग्रे मात्रेने फळ किरणोत्सारी होत नाही. पण अळी तत्काळ मरेलच असेही नाही. तिच्यापासून पुढची पिढी निपजू नये, एवढेच तेथे अभिप्रेत असते. क्वारंटाइन अधिकाऱ्याच्या दृष्टीने निर्धोक ठरलेले हे फळ गिरगावातल्या गृहिणीने कापले आणि आत अळी वळवळताना दिसली, तर ती त्यास सुरक्षित म्हणेल काय?

देशी ग्राहकाचा पर्याय अन्यत्र आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा मिथिल युजेनॉलच्या गंधाने नरमाश्यांना ओढून घेतो. त्याच्या जोडीला बागेत गळलेली फळे वेचून खोल पुरावी लागतात. यात यंत्र नाही, म्हणून उद्घाटनही नाही. आपल्या चर्चेत यास गौण स्थान मिळते, हे मला अन्यायाचे वाटते. मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या सरींनंतर फळमाशीचा उपद्रव वाढतो. त्या दिवसांत दादर वा लालबागला येणारी पेटी वरीलपैकी कोणत्याही प्रक्रियेतून सहसा गेलेली नसते. तिचे भवितव्य देवगड-रत्नागिरीच्या बागेत सापळा वेळेवर टांगला गेला की नाही, यावरच ठरलेले असते.