बिने-कामत श्रेणी आणि भाषेचा प्रश्न

व्ही. व्ही. कामत यांचे नाव शिक्षणमानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास बहुधा जोडनावाचा उत्तरार्ध म्हणूनच परिचित असते. ‘बिने-कामत कसोटी’ असा उच्चार होतो, आणि कामतांचे काम केवळ अनुवादाचे होते असा समज दृढ होतो. हा समज अन्यायाचा आहे. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’ या नियतकालिकात १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषयच कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने श्रेणीचे संशोधित रूप सिद्ध करणे हा होता. १९३९ मध्ये त्यांनी मुलगे व मुली यांच्यातील भेदांचा विचार त्याच नियतकालिकात मांडला, आणि १९४० मध्ये ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हा ग्रंथ आला. परकी प्रमाणके एतद्देशीय मुलांना जशीच्या तशी लावू नयेत, हा आग्रह या तिन्ही लेखनांच्या मुळाशी आहे.

तथापि खरा प्रश्न पुढेच उपस्थित होतो. श्रेणी एक आणि भाषा दोन, हे कितपत साधते? अंकमालिका ऐकून पुन्हा म्हणण्याची कसोटी घ्यावी. वरकरणी ती भाषानिरपेक्ष वाटते. परंतु मराठीत एक, दोन, तीन, चार, पाच हे शब्द उच्चारात एकावयवी आहेत; कानडीतील ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु यांत दोन वा तीन अवयव येतात. शब्द लांबला की तत्कालस्मृतीत मावणारी संख्या घटते, हे बॅडली व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखविले. एलिस व हेनेली यांनी १९८० मध्ये वेल्श व इंग्रजी अंकांच्या बाबतीत तोच मुद्दा पुढे नेला. तेव्हा समान लांबीची मालिका दोन्ही भाषांत एकाच मानसिक वयाची खूण मानणे निर्धोक नव्हे. कामतांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांचा दोष तो नव्हे.

फरक लहान आहे, असे कोणी म्हणेल. टर्मन यांच्या १९१६ च्या रचनेत तीन ते दहा वर्षांच्या पातळ्यांवर प्रत्येक कसोटीस दोन महिन्यांचे श्रेय मिळते. आठ वर्षांच्या मुलाचे दोन महिने म्हणजे बुद्ध्यंकातील सुमारे दोन अंक. पण अक्षमतेच्या प्रमाणपत्राची सीमारेषा सत्तरच्या आसपास असते, आणि तेथे ६९ व ७१ यांत पुष्कळ अंतर पडते.

पुण्याहून कात्रजचा घाट ओलांडून जाणारा जुना रस्ता सातारा, कोल्हापूर, बेळगाव करीत धारवाडास पोचतो. कामतांच्या श्रेणीस ज्या मुंबई-कर्नाटकाचे नाव आहे, तो प्रदेश याच वाटेवरचा. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या कात्रजात कानडी घरातले मूल मराठी शाळेत बसले असेल, तर त्याला अंक कोणत्या भाषेत सांगावे? घरच्या की वर्गातल्या? परीक्षकाच्या सोयीने हा निर्णय होत असेल, तर मापन कशाचे झाले हे सांगणे कठीण.

दुसरा आक्षेप काळाचा आहे, व तो अधिक गंभीर. फ्लिन यांनी १९८४ व १९८७ मध्ये दाखविल्याप्रमाणे अनेक देशांत पिढीगणिक गुण वाढत गेले. कामतांच्या ग्रंथाची चौथी आवृत्ती १९६७ मध्ये निघाली. श्रेणीचे मूळ मात्र १९३० च्या दशकातले. ती त्यानंतरही कित्येक दशके चिकित्सालयांत वापरली गेली. जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगतो, आणि ज्याला साहाय्य मिळावयास हवे तोच सीमेबाहेर राहतो. कामतांनी परक्या प्रमाणकांविरुद्ध जो युक्तिवाद केला, तोच येथे त्यांच्या श्रेणीस लागू पडतो. १९३० च्या दशकातले धारवाडही आजच्या कात्रजातील मुलास परकेच आहे.