'भिजकी वही' आणि उशिरा आलेला पुरस्कार

अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' मी जळकोटला घरी बसून वाचली. प्रत सोलापूरच्या मित्राची. अशोक शहाण्यांच्या छोट्याशा प्रास प्रकाशनानं ती २००३ मध्ये काढली. कोलटकर २००४ मध्ये गेले. साहित्य अकादमीचा पुरस्कार २००५ चा. खरं सांगतो, पुरस्काराचं ऐकूनच मी ती मागून आणली.

हायपेशिया, कण्णगी, व्हिएतनामची किम. कुठल्या कुठल्या काळातल्या रडणाऱ्या बायका. काही ठिकाणी कवितेवर माहितीचं ओझं होतं, तिथं मी नुसती पानं उलटली. पण हा कवी कुणाचे डोळे पुसायला धावत नाही, शेजारी बसून ऐकतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपाचं सांगताना आजी रडायची, तेव्हा मी लगेच पाणी आणायच्या निमित्तानं उठायचो.

मित्राचे दोन फोन येऊन गेले. प्रत अजून माझ्याकडेच आहे.