दैनंदिन मालिकेतील हरवलेले मध्यवय

नटाचे वय आणि पात्राचे वय यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न नाट्यविचाराइतकाच जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भूमिकांची वाटणी सांगताना प्रकृतीचे तीन प्रकार कल्पिले आहेत. नटाचे वय व लिंग पात्राशी जुळणारे असेल तर ती अनुरूपा. बालकाने वृद्धाचे अथवा वृद्धाने बालकाचे सोंग घेतले तर ती विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीची भूमिका केली तर ती रूपानुसारिणी. या वर्गीकरणामागे एक गृहीत आहे. प्रयोग ठरावीक अवधीत संपतो. तेवढ्यात पात्राची वीस वर्षे उलटली तरी नटाचे वय वाढत नाही. जे वाढते ते आहार्याच्या, म्हणजे वेशभूषा व रंगभूषा यांच्या साहाय्याने वाढवलेले असते.

विसाव्या शतकात या गृहीताला छेद देणारा एक नाट्यप्रकार जन्मास आला. साबणाच्या कारखानदारांच्या आश्रयाने अमेरिकेच्या रेडिओवर वाढलेली आणि पुढे दूरचित्रवाणीवर स्थिरावलेली दैनंदिन मालिका, म्हणजेच ‘सोप ऑपेरा’, चाळीस-पन्नास वर्षे चालू शकते. तिच्यात पात्राबरोबर नटही खरोखरीच म्हातारा होतो. कथानकाची पुनरुक्ती, भावनांचा भडकपणा, योगायोगांचा अतिरेक हे या प्रकाराचे दोष सर्वांस ठाऊक आहेत. परंतु खरा काळ ही त्याची एकमेव संपत्ती अशी आहे की जी नाटकाला, चित्रपटाला किंवा कादंबरीला लाभणे शक्य नाही. या संपत्तीचे मालिकांनी काय केले, हे त्यांतील चेहऱ्यांवरून, केसांवरून आणि वस्त्रांवरून तपासून पाहता येते.

‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ ही अमेरिकन मालिका २ एप्रिल १९५६ रोजी सुरू झाली. तिच्यातील पहिले वाक्य उच्चारणाऱ्या हेलन वॅग्नर त्या वेळी सदतीस वर्षांच्या होत्या. मधले काही खंड सोडले तर नॅन्सी ह्यूज ही भूमिका त्यांनी २०१० मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत केली. त्याच वर्षी मालिकाही संपली. नॅन्सीच्या पतीचे काम करणारे डॉन मॅक्लॉलिन १९८६ मध्ये वारले, तेव्हा कथेतही त्या पतीचा मृत्यू दाखवण्यात आला आणि नॅन्सी विधवा झाली. केस पिकले ते पिकू दिले गेले. पन्नाशीतली गृहिणी, सत्तरीतली आजी, नव्वदीतली पणजी अशी एकच स्त्री प्रेक्षकांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाप्रमाणे क्रमाक्रमाने पाहिली. मेळ पूर्ण निर्दोष होता असे मात्र नव्हे. नॅन्सीच्या मुलाची, बॉबची, भूमिका १९६० पासून करणारे डॉन हेस्टिंग्ज वॅग्नर यांच्याहून जेमतेम पंधरा-सोळा वर्षांनी लहान होते. तरीही दोघांचे वार्धक्य एकाच गतीने पुढे सरकत राहिल्याने ते अंतर डोळ्यांना पटत गेले. काळ खरा असला म्हणजे आहार्याला थोडे काम पुरते, हे यावरून दिसून येते.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘ऑल माय चिल्ड्रेन’ या मालिकेचे (१९७०–२०११). सूझन लूची यांची एरिका केन कथेत प्रथम आली ती शाळकरी मुलगी म्हणून. अभिनेत्री त्या वेळी तेवीस वर्षांची होती. पुढील एकेचाळीस वर्षांत एरिकाने अनेक विवाह केले, तिची मुले मोठी झाली. परंतु तिची केशरचना, तिचा शृंगार आणि तिच्यावरील प्रकाशयोजना यांचा सारा रोख वय थोपवून धरण्याकडे राहिला. लूची यांच्या अभिनयसामर्थ्याविषयी शंका नाही. एकोणिसाव्या नामांकनानंतर १९९९ मध्ये त्यांना मिळालेला एमी पुरस्कार हा त्या चिकाटीचाच गौरव होता. प्रश्न अभिनयाचा नसून रूपाच्या धोरणाचा आहे. अनुरूपा म्हणून सुरू झालेली भूमिका आहार्याच्या बळावर हळूहळू विरूपेकडे ढकलली गेली, कारण त्या चेहऱ्यावर मालिकेची ओळख आणि जाहिरातदाराचा विश्वास उभा होता.

भारतीय मालिकांनी तिसराच मार्ग धरला. ‘क्यों कि सास भी कभी बहू थी’ ही मालिका ३ जुलै २००० ते ६ नोव्हेंबर २००८ या काळात चालली. तुलसी विराणीच्या भूमिकेत स्मृती इराणी प्रथम दिसल्या तेव्हा त्यांचे वय चोवीस होते. खरा काळ आठ वर्षांचा. पण कथेने मध्येच वीस-वीस वर्षांच्या उड्या घेतल्या आणि तिशीतली अभिनेत्री आजी झाली. तिची मुले म्हणून उभे राहिलेले नट वयाने तिच्याच आसपासचे होते. केसांत रुपेरी बट आली, साडीचा रंग सौम्य झाला; गालांचा आणि डोळ्यांचा ताजेपणा मात्र तसाच राहिला. मिहिरची भूमिका तीन नटांनी केली, म्हणजे पतीचा चेहरा बदलला तरी चालला. उलट सुधा शिवपुरी यांच्या ‘बा’ कथाकाळाच्या हिशेबाने शंभरी ओलांडूनही होत्या तशाच राहिल्या, आणि ही गोष्ट प्रेक्षकांच्या थट्टेचा विषय झाली.

यावर एक आक्षेप संभवतो. नाट्य म्हणजे संकेतच. मग पांढऱ्या बटेचाच संकेत का खुपावा? बालगंधर्व (१८८८–१९६७) पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीभूमिका करीत होते आणि रसिक त्यांच्या सिंधूसाठी रडत होते, हे मराठी रंगभूमीला ठाऊकच आहे. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु तेथे रंगमंचाचे अंतर होते, गाणे होते, आणि आरंभापासून अखेरपर्यंत पाळला जाणारा एकच करार होता. मालिका आपले बहुतेक काम चेहरा जवळून टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर सोपवते. जो चेहरा पडदाभर दाखवला जातो, त्याच्याकडे नीट पाहू नये अशी अपेक्षा प्रेक्षकाकडून करता येत नाही. ‘बुनियाद’ (१९८६–८७) या मालिकेने फाळणीपूर्वीपासूनचा दीर्घ कालपट सुमारे शंभर भागांत मांडला आणि आलोक नाथ यांनी तिशीतच हवेलीरामचे वार्धक्य उभे केले. ती विरूपा शोभून गेली, याचे कारण त्या कथेला शेवट होता. तिने नाटकाचा जुना करार पाळला आणि वर्षानुवर्षे घरात येत राहण्याचे आश्वासन दिले नाही.

दैनंदिन मालिका ते आश्वासन देते, आणि ते मोडले जाते ते नेमक्या एका ठिकाणी. अमेरिकन पद्धतीत स्त्रीचे मध्यवय झाकले जाते, भारतीय पद्धतीत ते ओलांडले जाते. परिणाम एकच. चाळीस ते साठ या वयातील स्त्री पडद्यावर येतच नाही. बहू एका भागात तरुण असते आणि पुढच्या भागात सासू. मधली वर्षे, म्हणजे मुले दूर जाण्याची, शरीर थकू लागण्याची, पतीशी नव्याने ओळख होण्याची वा तुटण्याची वर्षे, कोठे गेली हे कोणी सांगत नाही. दुपारी व रात्री या मालिका पाहणाऱ्या असंख्य गृहिणी मात्र याच वयाच्या आहेत. पुरुषाची गोष्ट निराळी. ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या ब्रिटिश मालिकेत डिसेंबर १९६० पासून केन बार्लोचे काम करणारे विल्यम रोच २०२२ मध्ये नव्वद वर्षांचे झाले, तेव्हाही ते त्याच भूमिकेत होते. त्यांचे पिकलेले केस कोणास अडचणीचे वाटले नाहीत. पुरुषाच्या वयाला भारदस्तपणा म्हणावयाचे आणि स्त्रीच्या वयाला उणीव, हा समाजातील पक्षपात रंगभूषेच्या खोलीतही शिरला आहे.

तो अटळ नाही, याचा पुरावा मराठीतच आहे. रोहिणी हट्टंगडी यांनी तिशीच्या आत-बाहेर ‘गांधी’ (१९८२) मध्ये कस्तुरबांचे तारुण्य व वार्धक्य दोन्ही साकारले आणि ‘सारांश’ (१९८४) मध्ये वृद्ध माता उभी केली. या विरूपेच्या भूमिका होत्या व त्या उत्तम वठल्या. पुढे ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेत २००१ ते २०१३ या काळात, म्हणजे पन्नाशी ते साठी या आपल्या खऱ्या वयात, त्या दररोज घराघरांत दिसत राहिल्या. त्या मालिकेच्या कथानकाविषयी मतभेद असोत. मध्यवयीन स्त्रीचा चेहरा हजारो भागांचा भार वाहू शकतो, हे तिने सिद्ध केले.

२९ जुलै २०२५ रोजी तुलसीची कथा नव्या पर्वात पुन्हा सुरू झाली, तेव्हा स्मृती इराणी एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. जे वय पूर्वी उडी मारून टाळले, ते आता अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर आपोआप आले आहे. विरूपा कालक्रमाने अनुरूपा झाली आहे. ही संधी पूर्वीच्या आठ वर्षांत नव्हती. नव्या पर्वाचे मूल्यमापन करताना जुन्या आठवणींच्या उमाळ्याला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. या चेहऱ्याला लेखक त्याच्या वयाचे अनुभव देतात की त्यावर पुन्हा तारुण्याचा लेप चढवतात, हे समीक्षकाने पाहावे. आजवर मालिकांची समीक्षा कथानकापाशीच थांबत आली. आहार्य हेही अभिनयाचेच एक अंग आहे, ही भरताची शिकवण तिने ध्यानी घेतली, तर केसांतील एका पांढऱ्या बटेपाशीही तिला बरेच काही विचारता येईल.