आरोपीच्या पिंजऱ्यात मामा का नाही?

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले. तेव्हापासून सातारा-सांगलीच्या रसिकाला नाटकाचे वेड नवे नाही. त्याने विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) पुन्हा एकदा वाचावे, ते एका प्रश्नासाठी. लैंगिक अत्याचार करणारा माणूस स्वतःच्या मनाची समजूत कशी घालतो?

नाटकातल्या लुटुपुटीच्या खटल्यात लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. गावातला साधाभोळा सामंत साक्षीला उभा राहतो. त्याने काहीच पाहिलेले नाही. हातातल्या कादंबरीतला मजकूर तो बेणारे आणि प्रा. दामले यांच्या नावावर सांगतो, आणि ती कल्पनाच पुरावा ठरते! मनात चित्र येणे, ज्याला उर्दूत तसव्वुर म्हणतात, हा गुन्हा नव्हे. असे विचार मनात येणारा प्रत्येक जण गुन्हा करतो असेही नाही. धोका आहे तो कल्पनेलाच सत्य मानण्यात. 'तिलाही हे हवे आहे', 'हे तर प्रेम आहे' असे एकदा मनाने ठरवले, की लाज आणि भीती दोन्ही गळून पडतात.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ साली बालकांवरील अत्याचाराच्या चार पायऱ्या मांडल्या: इच्छा होणे, स्वतःच्या मनाचा अडसर काढणे, भोवतालची राखण चुकवणे आणि मुलाचा विरोध मोडणे. दुसऱ्या पायरीवर ही खोटी कल्पनाच उपयोगी पडते.

बेणारेचा सख्खा मामा हेच करतो. चौदा-पंधरा वर्षांच्या भाचीचे तो कौतुक करतो. ती त्यालाच प्रेम समजते. लग्नाची वेळ येताच तो काढता पाय घेतो, आणि ती जीव द्यायला निघते. कोर्ट मात्र हे पाप तिच्याच खात्यावर मांडते.

मामा रंगमंचावर येतच नाही. ही नाटकाची उणीव की लेखकाचा हेतू? मला हेतू वाटतो. पण प्रेक्षकाने तो ओळखला नाही, तर मामा पुन्हा निसटतो.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य नाही. पण कायद्यापर्यंत पोहोचण्याआधी मुलगी घरात किंवा शाळेत कोणाजवळ तरी बोलते. मामू, चाचा, उस्ताद ही आपल्याकडे भरवशाची नाती. म्हणूनच आठवी-नववीतली मुलगी त्यांच्याविषयी बोलू लागली, तर तिची उलटतपासणी न घेता आधी तिचे ऐकावे. नाहीतर घरोघरी तेच कोर्ट चालू राहील आणि पिंजऱ्यात पुन्हा मुलगीच उभी असेल.