इंग्रजी धावते, मराठी चालते

इंग्रजीतील ‘रन’ हे क्रियापद वरवर पाहता धावण्यापुरतेच. पण ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी त्याची छाननी झाली, तेव्हा या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ भरल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजांचे घड्याळ धावते, दुकान धावते, नाटक धावते, उघडा राहिलेला नळ धावतो. इतकेच काय, पडशात नाकही धावते! आमचे नाक आणि नळ वाहतात; बाकीचे सारे चालते. दुकान चालते, खटला चालतो, संसार चालतो, आणि एखादी गोष्ट मनासारखी नसली तरी ‘चालते’.

मराठीस धावणे ठाऊक नाही, असे नव्हे. मन धावते, संकटी देव धावून येतो. पण या धावण्यात ओढ आहे, तातडी आहे. नित्यक्रमास मात्र आमच्या भाषेने चालण्याचीच गती दिली.

अनुवादकांच्या ध्यानी हा भेद राहत नाही, ही आमची तक्रार आहे. अनुवादित कादंबरीतील नायिकेच्या पाठीच्या कण्यातून शिरशिरी ‘धावते’. अंगावर काटा येणे तिला जणू वर्ज्य! रजेवर मुंबईस उतरावे, तो फलाटावर घोषणा कानी पडते की, गाडी वीस मिनिटे उशिराने ‘धावत आहे’. धावत असती तर उशीर का झाला असता? हीच वार्ता दिल्लीच्या स्टेशनावर हिंदीत ‘चल रही है’ अशी मिळते. घरापासून दूर राहणाऱ्या आम्हां मंडळींना आपल्या भाषेचे चालणे परभाषेत भेटावे, हे जरा बोचते.

तथापि शब्दशः भाषांतर सर्वत्र त्याज्य, असे आम्ही म्हणणार नाही. क्रिकेटमधील ‘धाव’ पाहावी. फलंदाज खरोखरच धावतो, म्हणून शब्द रुजला. आणि रुजल्यावर, चौकार मारून जागचा न हललेल्या फलंदाजाच्या नावे चार धावा मांडताना कोणास खटकत नाही. वाच्यार्थ भाषेत मुरला की लक्षणेला अंकुर आपोआप फुटतो. निवडणुकीत अमेरिकेचा उमेदवार धावतो, ब्रिटनचा उभा राहतो. आपलाही उभाच राहतो. ही लकब बहुधा ब्रिटिशांकडून आली असावी. पण साक्षीला उभे राहणे, कोणाच्या पाठीशी उभे राहणे हे आमचे जुनेच; त्या रांगेत हा उमेदवार कधी येऊन उभा राहिला, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.