मेल्यावर मिळणारी माफी

१३ मे २०२५ रोजी अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने आपल्या काळ्या यादीतून १७ नावं काढून टाकली. या सतराही जणांत एक गोष्ट सारखी होती: ते सगळे मेलेले होते. कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांचा युक्तिवाद सरळ होता. जो माणूस हयातच नाही, त्याच्यापासून खेळाच्या सचोटीला धोका कसला? म्हणजे 'कायमची' बंदी मरेपर्यंतच. यादीतलं सगळ्यात ताजं मरण पीट रोझचं, तो २०२४च्या ३० सप्टेंबरला गेला. आणि सगळ्यात गाजलेलं जुनं नाव शूलेस जो जॅक्सनचं. त्याला जाऊन ७३ वर्षं झाली होती.

ही बातमी वाचून मी दोन सिनेमे पुन्हा पाहिले. जॉन सेल्सचा 'एट मेन आउट' १९८८चा आणि फिल आल्डन रॉबिन्सनचा 'फील्ड ऑफ ड्रीम्स' १९८९चा. लागोपाठच्या दोन वर्षांत, दोन्हींत तोच जो जॅक्सन. दुसरा जगभर लाडका झाला, पहिला फारसा कुणी पाहत नाही. माझ्या मते चांगला सिनेमा पहिला आहे. तो का, हे सांगायला आधी थोडा इतिहास लागेल.

१९१९ची वर्ल्ड सिरीज. शिकागो व्हाइट सॉक्स हा तगडा संघ, समोर सिनसिनाटी रेड्स. नऊ सामन्यांची मालिका रेड्सनी ५-३ अशी जिंकली. वर्षभराने उघड झालं, की शिकागोच्या काही खेळाडूंनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन मालिका विकली होती. आठ जणांवर आरोप ठेवले गेले. २ ऑगस्ट १९२१ रोजी ज्यूरीने खटला चाललेल्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे नवे कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. लँडिस स्वतः न्यायाधीश होते, हे विशेष. कोर्टाने सोडलं तरी खेळ सोडणार नाही, हा पायंडा तिथे पडला.

'फील्ड ऑफ ड्रीम्स'मध्ये केविन कॉस्टनर आयोवातल्या आपल्या शेतातला उभा मका कापून बेसबॉलचं मैदान करतो आणि मक्यातून जो जॅक्सनचं भूत चालत येतं. सिनेमा पाहताना मी दर वेळी रडतो, ते बाजूला ठेवू. सुरुवातीलाच कॉस्टनर आपल्या लहान मुलीला जॅक्सनची बाजू समजावतो: पैसे घेतले हे खरं, पण हरण्यासाठी त्याने काही केलं हे कुणाला सिद्ध करता आलं नाही. मालिकेत त्याची सरासरी होती ०.३७५, आणि क्षेत्ररक्षणात एकही चूक नाही. बेसबॉलमध्ये ०.३०० म्हणजे उत्तम, त्यामुळे आकडा भारी वाटतो. विषय संपला, मका डोलायला लागतो.

पण आकडा जरा उलगडून पाहू. पहिल्या पाच सामन्यांत जॅक्सनच्या फटक्यावर संघाचा एकही खेळाडू घरी पोचला नाही. धावा आल्या त्या सहाव्या सामन्यापासून. मालिकेतला एकमेव होम रन त्याने मारला खरा, पण आठव्या सामन्यात, संघ ०-५ मागे असताना. यावरून तो मुद्दाम हरत होता असं सिद्ध होत नाही. पण ०.३७५ हे प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर लावावं, इतकंही ते स्वच्छ नाही. आणि सट्टेबाजांनी कबूल केलेल्या २०,००० डॉलरपैकी ५,००० त्याला मिळाले, हे त्यानेच ग्रँड ज्यूरीसमोर सांगितलं होतं.

सिनेमाला हे नको असतं, कारण त्याला जॅक्सन नकोच आहे, त्याला बाप हवा आहे. कॉस्टनरच्या पात्राने तरुणपणी बापाला सुनावलेलं असतं, की ज्याचा हिरो गुन्हेगार आहे त्या माणसाबद्दल मला आदर वाटू शकत नाही. आता बापाशी समेट करायचा तर हिरोला निर्दोष करावं लागतं. एका माणसाची अब्रू दुसऱ्याच्या घरगुती भांडणासाठी धुऊन दिली जाते. घाई इतकी, की डावखुरा बॅटर असलेला जॅक्सन पडद्यावर उजव्या हाताने खेळतो.

नायकाचे हात धुऊन देण्याची ही घाई आपल्याही ओळखीची आहे. इम्रान हाश्मीचा 'अझर' (२०१६) आठवा. त्याचा आधार बेसबॉल नव्हता, पण रंग तोच होता.

'एट मेन आउट'मध्ये मका नाही. ड्रेसिंग रूम आहे, हॉटेलच्या खोल्या आहेत, उशीखाली ठेवलेली पाकिटं आहेत. फिक्सिंग इथे एखाद्या सैतानी कटासारखं घडत नाही, तर भिशीसारखं घडतं. कुणी कुणाला विचारतं, कुणी हो म्हणतं, कुणी नुसतंच गप्प बसतं, पैसे ठरल्याप्रमाणे येत नाहीत, मग चिडचिड. डी. बी. स्वीनीचा जॅक्सन अक्षरशत्रू आहे, बुजरा आहे, त्याला नीट काही विचारलंच जात नाही. आणि तो डावखुरा खेळतो.

तरीही सेल्सचा सिनेमा एका जागी मोह आवरत नाही. कंजूष मालक चार्ल्स कॉमिस्की. जिंकल्यावर बोनस म्हणून फसफस गेलेली शॅम्पेन. पिचर एडी सिकॉटला ३० सामने जिंकल्यावर द्यायचे १०,००० डॉलर वाचवायला त्याला बाकावर बसवणं. डेव्हिड स्ट्रॅथेर्न हा सिकॉट असा उभा करतो, की आपल्यालाच त्याच्या खिशात पैसे घालावेसे वाटतात. पण नंतरच्या संशोधकांनी हिशेबाची पानं काढली तेव्हा दिसलं, की त्या वर्षी व्हाइट सॉक्सचा पगारखर्च लीगमधल्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी होता, आणि बोनसची गोष्ट टिकत नाही. सिनेमा ज्या पुस्तकावर आधारला आहे त्या एलियट असिनॉफच्या १९६३च्या पुस्तकात तर पिचर लेफ्टी विल्यम्सला धमकावणारा गुंड चक्क काल्पनिक आहे. कुणी आपला मजकूर चोरला तर पकडता यावा म्हणून तो घातला, असं असिनॉफनेच पुढे कबूल केलं. इतिहास म्हणून वाचलेल्या पुस्तकात लेखकाने लावलेला सापळा, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले आपण.

गरीब म्हणून विकले गेले, हे आपल्याला पटकन पटतं. चांगला पगार असूनही विकले गेले, हे गिळायला जड जातं.

मग हा सिनेमा मला सरस का वाटतो? बक वीव्हरमुळे. जॉन क्युसॅकने केलेला तिसऱ्या बेसवरचा हा खेळाडू कटाच्या बैठकीत होता, त्याने पैसे घेतले नाहीत, मालिकेत जीव तोडून खेळला (०.३२४), आणि कुणालाही काही सांगितलं नाही. लँडिसच्या निकालातला एक भाग जणू त्याच्यासाठीच लिहिला होता: जो लबाडांच्या बैठकीत बसतो आणि आपल्या क्लबला कळवत नाही, तोही बाद. वीव्हर मरेपर्यंत आपलं नाव साफ करून मागत राहिला. १९५३मध्येही त्याने तेव्हाच्या कमिशनरला पत्र लिहिलं. १९५६मध्ये तो गेला.

मला हा प्रश्न जॅक्सनपेक्षा कितीतरी जिवंत वाटतो. पाकीट घ्यायचं नाही, हे आपल्यातल्या बहुतेकांना जमतं. पण ऑफिसमधल्या, कॉलेजच्या ग्रुपमधल्या मित्रांची चुगली? सेल्स याचं उत्तर देत नाही. शेवटच्या प्रसंगात तो वीव्हरला १९२५च्या होबोकनमध्ये एका फडतूस सामन्याच्या प्रेक्षकांत बसवतो. मैदानावर खोट्या नावाने जॅक्सन खेळतोय. शेजारचे लोक कुजबुजतात, हा तोच का? वीव्हर सांगतो, नाही. पुन्हा एकदा त्याला सगळं माहीत असतं आणि पुन्हा एकदा तो सांगत नाही. फरक एवढाच, की या वेळी आपण त्याच्या बाजूने असतो.

'फील्ड ऑफ ड्रीम्स' लागला १९८९च्या वसंतात. त्याच वर्षी २४ ऑगस्टला पीट रोझवर बंदी आली. कारकिर्दीत ४,२५६ हिट्स, हा विक्रम अजून त्याचाच. मॅनेजर असताना तो आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावत होता. म्हणजे जॅक्सनच्या भुतासाठी अमेरिका थिएटरात डोळे पुसत होती, त्याच उन्हाळ्यात हाडामांसाच्या रोझची चौकशी चालू होती. एचबीओची 'चार्ली हसल अँड द मॅटर ऑफ पीट रोझ' ही चार भागांची डॉक्युमेंटरी (२०२४) पाहा, म्हणजे दोघांतला फरक कळेल. रोझ बोलतो. थांबतच नाही. १५ वर्षं नाकारलं, २००४मध्ये पुस्तक काढून कबूल केलं, मग बॉलवर माफीचं वाक्य लिहून सह्या विकल्या. कॅमेरा त्याला संधी देत राहतो आणि तो ती घालवत राहतो. जॅक्सनच्या तोंडी सिनेमा हवं ते घालू शकला, रोझच्या तोंडी आधीच रोझ होता.

आणि या काळात खेळही बदलला. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना सट्टा कायदेशीर करायची वाट मोकळी केली. त्याच वर्षी बेसबॉलने एमजीएमशी करार केला, एक कॅसिनो कंपनी खेळाची अधिकृत भागीदार झाली. खेळाडूंचा नियम मात्र जुनाच राहिला: २०२४मध्ये तुकुपिता मार्कानो या तरुण खेळाडूला बेसबॉलवर पैसे लावल्याबद्दल आजन्म बंदी झाली. मॅनफ्रेडच्या नव्या नियमाने तिची मुदत किती, ते मोजायला कॅलेंडर पुरणार नाही.

त्या १७ नावांत बक वीव्हरही आहे. बातम्यांच्या मथळ्यांत रोझ आणि जॅक्सन होते. हॉल ऑफ फेमची संबंधित समिती डिसेंबर २०२७मध्ये बसेल, तेव्हाही चर्चा बहुधा त्या दोघांचीच असेल. वीव्हरच्या वाट्याला सिनेमा आला तो एकच, तोही आठ जणांत वाटून.