उत्तर बरोबर, पण रीत अपुरी

मराठी बायबल वाचलेल्यांना ‘पलिष्टी’ म्हटले की गल्याथ आठवतो. इंग्रजी वाचणाऱ्यांना ‘फिलिस्टाइन’ म्हणजे कलेची चाड नसलेला माणूस. दोन्ही चित्रे परक्यांनी रंगवलेली. पलिष्ट्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास शिल्लक नाही. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनारपट्टीवरील गज्जा, अष्कलोन, अश्दोद, एक्रोन आणि गथ या त्यांच्या पाच नगरांची हकीकत मातीतूनच वाचावी लागते. ट्रूड आणि मोशे डोथान या उत्खननकार दांपत्याचे ‘पीपल ऑफ द सी’ (१९९२) हे पुस्तक या वाचनाची कथा सांगते.

पुस्तकाचा कणा म्हणजे खापरे. इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याने इ.स.पू. ११७५ च्या सुमारास ज्या ‘सागरी लोकां’शी लढाई केली, त्यांत ‘पेलेसेत’ हे नाव आहे. त्यानंतरच्या थरांत अश्दोद व एक्रोन येथे ग्रीसकडील मायसीनी घाटाची भांडी सापडतात. ती जहाजातून आली की इथेच घडवली? अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून मातीतील अत्यल्प मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले, तेव्हा माती स्थानिक ठरली. म्हणजे माल नव्हे, कसब आले. वर्गात सांगण्याजोगा हा उत्तम भाग आहे.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. कसब आले म्हणजे लोकसमूहच आला, असे लेखक धरून चालतात. पण कसब शिकूनही घेता येते. या प्रश्नाला वेगळा पुरावा मिळाला तो २०१९ साली. अष्कलोन येथील दहा व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोहयुगाच्या आरंभी घरांखाली पुरलेल्या चार अर्भकांत दक्षिण युरोपशी जुळणारा वंशांश आढळला. नंतरच्या काळातील तिघांत तो जवळजवळ ओळखू येईनासा झाला होता. माणसे खरोखरच समुद्रापलीकडून आली होती, आणि काही पिढ्यांत स्थानिकांत मिसळली. नमुना लहान आहे, हे विसरू नये. डोथान दांपत्याचे उत्तर बरोबर निघाले. पण गणिताच्या वहीत मधली पायरी गाळलेल्या विद्यार्थ्याला आपण पूर्ण गुण देत नाही.

दुसरा आक्षेप बायबलच्या वापराचा. त्यातील कथांना आजचे रूप घटनांनंतर फार काळाने मिळाले. अशा ग्रंथाची साक्ष जरूर घ्यावी, पण उलटतपासणी करून. एक्रोनला १९९६ साली सापडलेल्या शिलालेखात पादीचा मुलगा इकाउसू हा राजा येतो. ही दोन्ही नावे असिरियाच्या नोंदींतही आहेत. एकमेकांवर न विसंबणारे दोन साक्षीदार जुळले. गल्याथाच्या बाबतीत तसे झालेले नाही. गथ येथे २००५ साली जाहीर झालेल्या खापरावरील दोन नावे त्याच्या नावाच्या धाटणीची आहेत, एवढेच म्हणता येते.

असंस्कृतपणाचा शिक्का मात्र हे पुस्तक ठामपणे पुसते. एक्रोनला तर ऑलिव्ह तेलाचे शंभराहून अधिक घाणे सापडले आहेत.

पुस्तक वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना अवश्य द्यावे. मात्र प्रत्येक प्रकरणाअखेर तीन प्रश्न लिहायला लावावेत: काय सापडले? त्यावरून काय ठरवले? दुसरे काय असू शकले असते?